चूलबंद आवतण

एकदा एक वस्ताद हुता आन् त्याचा एक चेला. चेल्याला साधा डाव उमगायला वरीस लागायचं, म्हणून लोकांनी त्याला सरपंच केला. हसू नका, तुमीबी त्यालाच मत दिलं असतं.

गावाला पाण्याचे पंप करायचा मोठ्ठा कारखाना. तीनशे माणूस कामाला. आन् त्याच्या फाटकासमोर पत्र्याची तेरा शेडं. कुणाचं लेथ, कुणाची वेल्डिंग, कुणाची सुतारकी, कुणाचा चहा, कुणाचं पंक्चर, ताराबाईची खानावळ.

एक दिवस सरपंच पळतच तालमीत आला. "वस्ताद! गाव मोठं हुणार! उद्या तीनला मोठी पार्टी कारखाना बघायला येतीया. चार हजार पंपांची ऑर्डर! कारखान्याचा साहेब म्हणला, फाटकाम्होरं ही खरूज नको, तितं बाग करू. उद्या सांजच्याला शेडं उठवायच्या कागदावर सही ठोकतो!"

वस्ताद मिशीत हसला. "ठोक की. पर जाणाऱ्यास्नी उपाशी धाडू नगं. उद्या त्यांना माझ्याकडं चूलबंद आवतण."

चूलबंद म्हंजे ठावं हाय न्हवं? रांगत्या पोरापास्नं म्हातारीपत्तोर समद्यांनी यायचं, त्या दिशी घरची चूल पेटवायची न्हाई. वस्तादनं आवतणात एकच अट वाढवली: भट्टी बी न्हाई, मशीन बी न्हाई, स्टो बी न्हाई. वस्तादला न्हाई कोण म्हणणार?

सरपंच खूश. म्हातारं केवढं समजूतदार!

दुसऱ्या दिशी सकाळी तेराच्या तेरा शेडांना कुलपं. दहाला कारखान्यात चहा आला न्हाई. तीनशे माणूस जांभया देतंय. अकराला मेन मशीनचा पितळी बुश गेला. दांडा ज्यात फिरतो ते हाताच्या मुठीएवढं कडं, पर मशीन ठप्प. एरवी इब्राहीमचाचा लेथवर अर्ध्या तासात करून द्यायचा. मशीनच्या कंपनीला फोन लावला, ती म्हणली नऊ दिवस लागतील. बारा वाजले, तयार पंप भरायला खोकी न्हाईत, कारण सुतार जेवायला गेलाय. साहेब सोता बुश आणायला निघाला, तर गाडी पंक्चर!

"सरपंच!" साहेब फोनवर वरडला. "तीनला पार्टी यायची, आन् मशीन बंद! ऑर्डर गेली तर निम्मी माणसं घरी बसवावी लागतील!"

सरपंच धोतराचा सोगा धरून सुटला. तालमीच्या अंगणात बघतो तर ही लांबलचक पंगत! पैलवान वाढत्यात. खानावळवाली ताराबाईच पाव्हणी, मग रांधणार कोण? वस्तादनं आन् पोरांनीच रांधलं हुतं. पुरणपोळी अशी जाड, की फेकून मारली तर म्हस आडवी हुईल.

"चाचा, उठा! बुश पायजे!"

"सरपंच," चाचा तोंडात घास धरून म्हणला, "पंगतीतनं अर्ध्यात उठत्यात व्हय?"

"वस्ताद, ही काय मस्करी! सगळं बुडतंय!"

"आधी पानं मोज," वस्ताद म्हणला.

"पानं?"

"मोज म्हणतो न्हवं!"

सरपंचानं मोजली. एकशे चाळीस. पुन्यांदा मोजली. तेवढीच.

"तेरा शेडं दिसली तुला," वस्ताद म्हणला, "त्यांच्यावर जेवणारी एकशे चाळीस तोंडं न्हाई दिसली. तुझी मोठी कुस्ती कशानं गेली, ध्यानात हाय?"

सरपंचाची मान खाली गेली. "पायाच्या करंगळीत काटा मोडला हुता."

"आन् लोक काय बघत हुती?"

"मांड्या."

"कारखाना मांडी हाय बाबा. पायजेच! मांडीशिवाय पैलवान कसला? पर मांडी उभी ऱ्हाती कशावर? करंगळी बारकी, म्हणून तू कापाय निघालास. मी कापली न्हाई. एक दिस जेवाय बोलावली फकस्त."

सरपंच हात जोडून पंगतीकडं वळला. "चाचा, जेवण झालं की... तेवढा बुश करताल का?"

"झालंच की!" म्हणत चाचा उठला, तुपाच्या हातानंच. सुतार उठला, पंक्चरवाला उठला, चहावाल्यानं तर पोळी हातातच घेऊन पळ काढला. अडीचला मशीन धडधडाय लागलं. तीनला पार्टी आली, चहा पिऊन, पंप बघून, ऑर्डर देऊन गेली!

सांजच्याला सरपंच परत तालमीत. कागद खिशातच, सही न केलेला. वस्तादनं तो घेतला आन् गरम आमटीच्या पातेल्याखाली सारला. "बस. तुझं पान राखलंय."

सरपंचानं एक भुरका मारला आन् डोळं पांढरं केलं. "वस्ताद! आमटी हाय का समुद्र?"

"ताराबाईची खानावळ उठली, की रोज हीच खायची."

तवापास्नं आमच्या गावात कुणी बारकं दुकान हलवायची भाषा काढली, की माणसं एवढंच इचारत्यात: मग आमटी कुणाच्या हातची खायची?