ठकूचं दोन दारांचं घर

गवताच्या घरात कोण राहायचं? ठकू चिचुंद्री राहायची. नाक लांब, तोरा त्याहून लांब! तिची पिल्लं कशी चालायची? आईची शेपटी पहिलं धरायचं. पहिल्याची दुसरं. दुसऱ्याची तिसरं. तुरु तुरु, तुरु तुरु!

एकदा काय झालं? अंगणातल्या चुलीतून ठिणगी उडाली. तडतड तडतड! गवताचं घर पेटलं. दार एकच. दारात झाली ही दाटी! ढकल ढकल, ओढ ओढ! निघाली बाई सगळी कशीबशी. शेवटच्याचं शेपूट तेवढं शेकलं. घराची झाली राख.

"आई गं, आता निजायचं कुठं?"

"नव्या घरात! मातीचं बांधू. दोन दारांचं बांधू. धरा शेपट्या!"

तुरु तुरु, तुरु तुरु!

भिंतीवर कुंभारीण माशी. मातीची घरं बांधणारी. गुंऽऽ गुंऽऽ!

"कुंभारीणताई, कुंभारीणताई, घर बांध. घराला हवीत दोन दारं!"

"दोन? इश्श! माझ्या घराला एकच."

"तुझं कुठं जळलंय?"

"बरं बाई. आधी चिखल आण. मग बांधीन."

तुरु तुरु, तुरु तुरु!

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, चिखल तुडव. चिखल कुंभारणीला. कुंभारीण बांधील घर. घराला हवीत दोन दारं!"

"भूक लागली. आधी गवत आण. मग तुडवीन."

तुरु तुरु, तुरु तुरु!

"विळेदादा, विळेदादा, गवत काप. गवत म्हशीला. म्हैस तुडवील चिखल. चिखल कुंभारणीला. कुंभारीण बांधील घर. घराला हवीत दोन दारं!"

"बोथट झालो. आधी धार आण. मग कापीन."

तुरु तुरु, तुरु तुरु!

"लोहारकाका, लोहारकाका, धार लाव. धार विळ्याला. विळा कापील गवत. गवत म्हशीला. म्हैस तुडवील चिखल. चिखल कुंभारणीला. कुंभारीण बांधील घर. घराला हवीत दोन दारं!"

"भट्टी गार पडली. आधी विस्तव आण. मग लावीन."

विस्तव? तो तर चुलीत! पिल्लं आईमागं दडली. ठकू थांबली. मग नाक वर केलं. तुरु... तुरु... तुरु... तुरु...

"चूलबाई, चूलबाई, विस्तव दे. विस्तव लोहाराला. लोहार लावील धार. धार विळ्याला. विळा कापील गवत. गवत म्हशीला. म्हैस तुडवील चिखल. चिखल कुंभारणीला. कुंभारीण बांधील घर. घराला हवीत दोन दारं!"

चूल मुसमुसली. "नको गं! माझ्याच ठिणगीनं तुझं घर जळलं. मी नाही कुणाला विस्तव देत."

"जाळलंस ना? मग तोंड पाडून बसतेस काय? आता बांधायला लाग!"

चूल हसली. लाल लाल हसली.

चुलीनं दिला विस्तव. ठकूनं ओढला खापरीतून, खर्र खर्र! लोहारानं लावली धार, ठण ठण! विळ्यानं कापलं गवत, सर्र सर्र! म्हशीनं खाल्लं गवत, करम करम! चिखल तुडवला, पचक पचक! कुंभारणीनं बांधलं घर, गुंऽऽ गुंऽऽ! दारं किती? दोन!

"धरा शेपट्या!"

ठकू पुढच्या दारानं आत गेली. मागच्या दारानं बाहेर आली. वळून पुन्हा पुढच्या दाराशी! तिथं काय? एक इवलं शेपूट आत चाललेलं. शेकलेलं!

"अगं बाई, हे तर आमचंच!"

ठकूनं ते हळूच धरलं. झालं रिंगण! आत, बाहेर, आत, बाहेर. तुरु तुरु, तुरु तुरु! दमली, आणि तिथंच निजली सगळी.

अंगणात चूलही निजली. राखेचं पांघरूण नीट ओढून.

एका दारानं गोष्ट आली, दुसऱ्या दारानं निघून गेली!