मडक्यातला अंगारा

"हे पांढरं काय रे, अंकुशा?"

केवळगिर महाराजांनी मडक्याचं फडकं सोडलं होतं. दोन बोटांत गांज्याचा एक तुरा धरला होता. तुऱ्याच्या आत, पानांच्या बेचक्यांत, पांढरं काहीतरी धरलं होतं.



अंकुश बेदाण्याच्या शेडवर सहा वर्षं राबलेला माणूस. वाळवण म्हणजे आपल्या हातचा मळ, हे मठात पाऊल टाकल्यापासून तो येईल त्याला ऐकवत आला होता. पण बेदाण्याचा मुलूख कोरडा, उन्हाचा. मठ घाटमाथ्यावर. इथे आश्विन सरला तरी धुकं उंबऱ्यावरून हलत नाही आणि दोरीवरची लंगोटी चार दिवस ओलीच राहते.

परड्यातली झाडं कापली तेव्हा महाराज एवढंच म्हणाले होते, "सावलीत उलटी टांग. वारा खेळू दे, पंधरा दिवस तरी. काडी वाकली तर ओल आहे, मोडली तर वाळली. मोडेल तेव्हाच मडक्यात भर. घाई करू नकोस."

पाचव्या दिवशी अंकुशने जुड्या उतरवल्या आणि धुनीच्या कडेला शेकत ठेवल्या. संध्याकाळपर्यंत पानं कुरकुरीत झाली. पान त्याने चुरून बघितलं. काडी मोडून बघितली नाही. बेदाण्याची काडी कोण मोडून बघतो?

"तुमचे पंधरा दिवस महाराज, आणि माझे पाच!" असं वर हसून सांगितलंही होतं.

उद्या कालभैरवाची अष्टमी. देवापुढे या मडक्यातली चिलीम ठेवायची, आणि मग महाराज आपला चिमटा अंकुशच्या हातात देऊन धुनी त्याच्यावर सोपवणार. साऱ्या धनगरवाड्याला ते ठाऊक होतं. तीन वर्षं त्याने याच दिवसाकडे डोळे लावले होते.

"अंकुशा... पांढरं काय म्हणून विचारलं."

"अंगारा, महाराज."

शब्द निसटला. आता मागे घेता येईना.

"देवाचा माल, म्हणून... धुनीचा अंगारा भुरभुरवला मी वरून."

 महाराजांनी तुऱ्यावरची ती पांढरी भुकटी अंगठ्यावर घेतली, कपाळावर आडवी ओढली आणि डोळे मिटून हात जोडले.

अंकुशचे कान तापले. त्याला त्या कपाळाकडे बघवेना.

तेवढ्यात दारात काठी वाजली. धनगरवाड्यावरची ठकूबाई धापा टाकत आत आली.

"म्हाराज, चिमूटभर अंगारा द्या. नातीला ढास लागलीया. दोन दिस झालं, डोळ्याला डोळा न्हाई. तोंडात घालीन तिच्या."

धुनी तिथेच होती, राखेने भरलेली. महाराजांनी तिकडे बघितलं नाही. त्यांनी मडक्यात हात घातला.

"घे, माय. अंकुशाने केलाय."

"अंकुसबुवाच्या हातचा?" म्हातारीने हरखून पदर पसरला. "मंग गुण येनारच."

चिमूट पदराच्या वर आली... थांबली. महाराज बाहेरच्या धुक्याकडे बघत होते.

अंकुशने झडप घालून त्यांचं मनगट धरलं. गुरूचं मनगट! तीन वर्षांत पायांखेरीज कशालाच त्याने हात लावला नव्हता.

"नका महाराज... अंगारा नाही तो. बुरशी आहे."

"कुणाची?"

"...माझी."

मग काहीच आत ठेवता येईना. काडी मोडून बघितली नाही. धुनीशी शेकवली. वरून कोरडी, आतून ओली तशीच भरली. आणि खोटं बोललो. ठकूबाई सगळं ऐकत उभी होती. तिने पदर हळूच मागे घेतला, आणि त्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटलं.

त्याने धुनीतली राख घेऊन हात पुढे केला. म्हातारीने आधी महाराजांकडे बघितलं. त्यांनी मान हलवल्यावरच तिने ती पदरात बांधली आणि ती निघून गेली.

"हे मडकं, महाराज?"

"पुरून टाक."

"मग उद्या देवापुढे काय ठेवू?"

"आत्ता बोललास ना... तेच ठेव."

अंकुशला हुंदका आवरेना. "चिमटा मला देऊ नका. लाज वाटते मला... इथे उभं राहायची. मी जातो घरी."

तो महाराजांच्या पायांशी कोसळला. पाठीची कमान झाली, कपाळ शेणाच्या जमिनीला टेकलं.

महाराजांनी मडक्यातली एक काडी घेतली आणि दोन्ही हातांनी दाबली. ती मोडली नाही, नुसतीच वाकली. त्यांनी ती बाजूला ठेवली.

मग त्या वाकलेल्या पाठीवर हात ठेवला... बराच वेळ.

"वाकलास... ओल आहे अजून. घाई करू नकोस."