सारसाची पुस्तकं

प्राणी नुकतेच लिहायला-वाचायला लागले होते, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या गुहेत त्यांचं ग्रंथालय होतं आणि म्हातारं खवलेमांजर ते सांभाळत असे. एके दिवशी सारसीण आपल्या दिवंगत नवऱ्याची सगळी पुस्तकं घेऊन तिथे आली.

"भाऊजी, ही ह्यांची आयुष्यभराची ठेव. एकही न वगळता एकत्र ठेवा," ती म्हणाली.

सारस खवलेमांजराचा जिवलग मित्र. हो म्हणावं असं त्याला फार वाटलं. पण चाळून पाहिलं तर बरीचशी पुस्तकं गुहेत आधीपासूनच होती, आणि काहींना वाळवीचा वास येत होता. वाळवी हेच ज्याचं अन्न, त्याच्या नाकाला ती कशी चुकणार? ती आत शिरली असती तर सगळं ग्रंथालय पोखरलं गेलं असतं.

"वहिनी, सगळी नाही घेता येणार," त्याने जड आवाजात सांगितलं. "जी इथे नाहीत आणि धड आहेत, तेवढी जिवापाड जपेन."

"मित्राचं एवढंच मोल केलंत?" असं म्हणून ती सगळी पुस्तकं परत घेऊन गेली. त्या दिवशी खवलेमांजराला घास गोड लागला नाही.

पावसाळा सरल्यावर ती पुन्हा आली. चोचीत एकच पुस्तक होतं, पाणपक्ष्यांच्या गाण्यांचं.

"हे आहे तुमच्याकडे?" ते खाली ठेवून तिने विचारलं.

"नाही, वहिनी."

"मग ठेवा. बाकीची चांगली होती ती पिल्लांच्या शाळेला दिली. वाळवीची नदीत सोडली." तिने पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. "पण सोडण्याआधी एकेक वाचलं, भाऊजी. हे होते तोवर मी एकही उघडलं नव्हतं."