तेल लावलेला कोळसा

एक होतं फडताळ. त्यात राहायचे कुरतडराव उंदीर, त्यांची बायको भिंगरी आणि दाराच्या फटीत बसलेला एक कोळसा. उंदरांचा वास बाहेर निघाला की कोळसा आपल्या हजार भोकांत तो धरून ठेवायचा. म्हणून मांजरीला त्यांचा पत्ता नव्हता.

पण भिंगरीच्या माहेरचे यायचे होते. "दारात हे भोकाभोकाचं ध्यान? आई काय म्हणेल?" असं म्हणत तिनं कोळशाला खोबरेल चोळलं. काय झळकला म्हणून सांगू. भोकं बुजली, वास बाहेर पडला आणि पाहुण्यांच्या आधी मांजरच येऊन फटीत पंजा घालू लागली.

"आता शोभतो ना मी, वहिनी?" कोळसा म्हणाला.

"भावजी, टोमणे नंतर मारा. पोटात पिल्लं आहेत माझ्या."

"मग फोडा मला. तेल वरवरच आहे, आतली भोकं मोकळी आहेत."

दोघांनी कुरतडून त्याचा चुरा केला आणि फटीत पसरला. चुऱ्यानं सगळा वास गिळला. मांजरीनं पुन्हापुन्हा हुंगलं, "नाकच म्हातारं झालं माझं," म्हणाली आणि निघून गेली.

पुढं भिंगरीला सात पिल्लं झाली. त्या चुऱ्यात लोळून काळीकुट्ट झाली खरी, पण सातही जगली.