वेंतुरा आळीचा धर्मबाप

आमच्या आळीत एकेचाळीस घरं आहेत आणि सगळ्यांचं आडनाव एकच, वेंतुरा. नवा पोस्टमन आला की पहिला महिना चुकतोच. जहाजावर नोकरी करून आलेले सांगतात, स्पेनमध्ये आणि इटलीत या आडनावाची माणसं पुष्कळ आहेत. इथं वसईकडे मात्र आमच्या आळीबाहेर एकही घर नाही. चर्च बघायला आलेले पाहुणे त्याचं कारण विचारतात, तेव्हा माझे आजेसासरे इनास आजा त्यांना पायरीवर बसवून सांगतात.

फार पूर्वी म्हणे एक गलबत किनाऱ्याला फुटलं आणि त्यातला एकच माणूस वाचला. वेंतुरा त्याचं आडनाव. तो स्पेनचा की इटलीचा ते कुणाला कळलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. बागायतीतले रहाट दुरुस्त करून तो पोट भरायचा. तोंडभर देवीचे वण, म्हणून लोक त्याला चाळणी म्हणत. "ए चाळणी, रहाट कुरकुरतोय बघ," अशी हाक यायची. तो निमूट जायचा.

आळीतले लोक तेव्हा नुकतेच ख्रिस्ती झालेले, आडनाव कुणालाच नव्हतं. बाप्तिस्म्याला जो धर्मबाप बाळाला हातात घेईल, त्याचंच आडनाव बाळाला लागायचं. मग एका उन्हाळ्यात देवीची साथ आली. लहान पोरं पटापट जाऊ लागली. बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला कबरस्तानात जागा नसे, कुंपणाबाहेर पुरावं लागे. आणि दुसऱ्याचं तापलेलं पोर हातात घ्यायला कुणी तयार होईना. सख्खे मामासुद्धा दारातून परत गेले.

वेंतुराला देवी येऊन गेलेल्या, पुन्हा येणार नव्हत्या. तो चर्चच्या दारात येऊन म्हणाला, "चाळणीत आता काय अडकणार? आणा पोरं इकडं."

त्या सकाळी त्यानं एकवीस पोरं हातात घेतली, असं सांगतात. पाद्री म्हातारे, डोळ्यांनी अधू. मेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही, म्हणून ते दर वेळी विचारायचे, "बाळ कसं आहे?" वेंतुरा सांगायचा, "रडतंय." "बघतंय." "बोट चोखतंय."

शेवटी रेमेत नावाची बाई आली. तिनं पदरात गुंडाळलेली मुलगी त्याच्या हातात दिली आणि बाजूला उभी राहिली. रडली नाही. हातात घेतल्याबरोबर वेंतुराला कळलं. पोर गार होतं. त्यानं रेमेतकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"बाळ कसं आहे?" पाद्रींनी विचारलं.

"झोपलंय," वेंतुरा म्हणाला.

पाद्री थोडा वेळ थांबले म्हणे. मग त्यांनी पाणी घातलं. मुलीचं नाव ठेवलं आना वेंतुरा. तिला कुंपणाच्या आत जागा मिळाली. बाकीच्या वीस पोरांतली अकरा जगली, त्यांचीच ही सगळी घरं.

आजही आमच्या आळीत बाप्तिस्म्याला पाद्री तेच विचारतात. बाळ किंचाळून लाल झालेलं असलं तरी धर्मबाप म्हणतो, "झोपलंय." पाहुणे हसतात. आईनं मात्र तेवढ्यात बाळाच्या छातीवर हात ठेवायचा असतो. मागच्या रविवारी मी ठेवला. पाणी घालून झालं, गाणं झालं, लोक उठले, तरी माझा हात तिथंच होता. मग इनास आजाच जवळ येऊन म्हणाले, "पोरी, आता काढ."