चार शब्दांचा कासार

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. मी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे, तेव्हा माझा पणजोबाही जन्मला नव्हता, पण ते सोडा.

तर फार जुन्या काळी कोकणातला एक तापट कासार गलबतात बसून श्यामदेशी भांडी विकायला निघाला. वाटेत त्यानं थाई भाषेतले चारच शब्द पाठ केले: आण, दे, चल, लवकर.

गलबताचा तांडेल म्हणाला, "शेठ, नमस्कार, माफी, एवढं तरी शिकून घ्या की!"

"कशाला? मला काय तिथं सोयरीक जमवायचीय?"

भांडी खपली. परतीचं गलबत नदीपलीकडे उभं होतं. ते दुपारच्या ओहोटीला सुटणार, आणि घरच्या दिशेचा वारा पुन्हा वाहणार तो वर्षानं. इकडे वैशाखात लेकीचं लग्न!

काठावर होडी एकच. तिच्यात पान चघळत बसलेली एक म्हातारी.

"चल! लवकर!" कासार गरजला.

म्हातारीनं पाठ फिरवली.

तो आणखी मोठ्यानं ओरडला. म्हातारीला नीट ऐकू येत होतं, म्हणूनच ती हलेना. कासारानं पाय आपटले, मराठीत सात पिढ्या उद्धारल्या, डोक्यावरचं पागोटं चिखलात आपटलं.

फांदीवरचा पोपट म्हणाला, "गावाकडं होडीवाल्या म्हातारीला असाच हाकतोस काय रे?"

"येडा की खुळा तू? तिकडं म्हणतो, आजी, पलीकडं सोडता का जरा?"

"मग इथल्या आजीनं तुझं काय घोडं मारलंय? आजीला इथं 'याय' म्हणतात."

कासारानं दातओठ खाल्ले. सावली लांबत होती. शेवटी त्यानं हात जोडले. "याय..."

म्हातारी ताडकन उठली. वल्हं उगारून तिनं त्याला असं झापलं, की एक शब्द न कळता त्याला सगळं कळलं. त्याची सख्खी आजी अशीच झापायची. मग पचकन थुंकून तिनं होडी सोडली.

होडी नदीच्या मध्यावर पोचली, तेव्हा गलबताचं शीड समुद्राकडे वळलेलं होतं.

लेकीचं लग्न मामानं लावलं. कासार वर्षभर म्हातारीच्या ओसरीवर राहिला, तिची बोलणी खातखात थाई शिकला. परतला तेव्हा लेक त्याच्याशी बोलेना. त्या अबोल्यावर मात्र त्याला दोन्ही भाषांत शब्द सापडेना.

तात्पर्य: परक्या मुलखात हुकूम सोडायला शिकण्याआधी माणसाला हाक मारायला शिकावं.

आता कबूल करतो, पोपट माझ्या पदरचा. 'याय' हा शब्द कासाराला म्हातारीनंच शिकवला, वल्ह्यानं.