तेवीस एके तेवीस

एका राज्यात ओळींचा फार शौकीन राजा होता. नाव शूरकेतू. त्याच्या बागेत झाडे ओळीत, तबेल्यात घोडे ओळीत, आणि एखादा शिपाई वीतभर पुढे आला तर महाराजांना जेवण गोड लागत नसे. एके दिवशी आपल्यासकट शंभरांच्या पलटणीत टोकाला उभा राहून तो म्हणाला, "इथे एकही माणूस ओळीबाहेर नाही." बुरुजावर भागासुर नावाचा जादूगार बसला होता. "मग सगळे माझे," असे म्हणून त्याने दहाचा पाढा म्हटला. दहा दाहे शंभर होताच राजासकट पलटण दगड झाली.

राजकन्या मेखला पोटभर रडली आणि मग तिने कंबर कसली. वाड्यातली बोलकी साळुंकी जाणती होती. तिने सांगितले, की भागासुराच्या डोंगरात तीन दरवाजांपलीकडे एक घंटा आहे. जमावातले सगळे हात दोराला लागले तरच ती वाजते, आणि वाजली की दगडांना जीव येतो. पण ज्या जमावाचा आकडा भागासुराला पाढ्यात सापडेल, तो जागीच दगड होईल.

राजपुरोहितांनी शुभ म्हणून एकवीस माणसे निवडली. साळुंकी चिडली.

"मोदक वाहायचे आहेत का? सात त्रिक एकवीस. आणखी दोन घ्या."

मेखलेसकट तेवीस निघाले. त्यांत बळीभद्र मल्ल होता. त्याचा एकुलता मुलगा दगडांत उभा होता. केतकी कुंभारीण होती. तिचे दिवस भरले होते, मेखला नको म्हणत होती, पण तिचा धनी दगड झालेला, ती कुणाचे ऐकते!

पहिल्या दरवाजावर भागासुराने पाढे सुरू केले. बेचा पाढा बावीसवरून चोवीसवर गेला, तीनचा एकवीसवरून चोवीसवर. बेपासून बावीसपर्यंतचे सारे पाढे झाले, त्याचा घसा बसला, तेवीस कुठेच सापडेना. पुढचा पाढा त्याने म्हटलाच नाही. दरवाजा उघडला.

दुसऱ्या दरवाजापाशी केतकीला कळा आल्या आणि मुलगी झाली. सगळे हरखले, आणि लगेच सगळ्यांची तोंडे उतरली. आता चोवीस झाले होते. चोवीस म्हणजे बे, तीन, चार, सहा, म्हणाल त्या पाढ्यात आयते. मायलेकी मागे राहिल्या तर बावीस, तेही बेच्या पाढ्यात. दाराआड भागासुर हसत होता.

बळीभद्राने गदा खाली ठेवली.

"बाळ आत जाऊ दे. मी बाहेर थांबतो."

"तुमच्यावाचून आम्ही कसे जावे, काका?" मेखलेने विचारले.

"माझ्यामुळे आकडा बिघडतो, ताईसाहेब. मग हे बळ काय चुलीत घालू?"

मुलासाठी घंटेचा दोर आपल्या हाताने ओढीन, असे तो घरी सांगून आला होता. त्याने पाठ फिरवली, कारण त्याला रडू आवरेना. तेवीस आत गेले.

तिसऱ्या दरवाजावर भागासुराने शेवटचा डाव टाकला. त्याने एकचा पाढा धरला, आणि त्यात कोण सापडत नाही? पण या पाढ्याने दगड करायला जमाव आधी एकेकटा व्हावा लागतो, म्हणून वाटेला तेवीस फाटे फुटले. ज्याच्या त्याच्या फाट्यावर ज्याचे त्याचे माणूस हाक मारू लागले. मेखलेला बापाचा आवाज आला. तिचे पाऊल उचलले, तोच मागे बाळ रडले. ती थबकली. एकेकटे गेलो तर एकेकटे दगड होऊ, हे तिला उमगले. आणि भागासुराने टाळलेला पाढाही आठवला.

"हात धरा," ती म्हणाली. "आपला पाढा आपण म्हणू."

"तेवीस एके तेवीस!" सगळे एका सुरात म्हणाले.

एकच भाग, अख्खा. फाटे मिटले. ज्याला त्यांचे भाग पाडता आले नाहीत त्या भागासुराचेच भाग पडले, आणि वाऱ्याने ते उडवून नेले. तेविसांनी दोर धरला. बाळाची मूठ केतकीने त्यावर टेकवली, तेव्हा घंटा वाजली.

परतताना त्यांनी बळीभद्राला बरोबर घेतले. तो नगराच्या वेशीत शिरताच पलटणीतला एक पोरगा ओळ मोडून धावत सुटला आणि बापाच्या गळ्यात पडला. सगळ्यांनी भीतभीत राजाकडे पाहिले. तोही ओळ सोडून मेखलेकडे धावत होता.

अशी ही तेविसांची कहाणी, चोविसाव्याच्या पुण्याईने सुफळ झाली.